डेटाबेसचा व्हर्जन नंबर आधी नीट वाचा, अपग्रेडला हात नंतर लावा

“आमचा पोस्टग्रेस डेटाबेस ९.५ आहे, नुसतं ९.६ करायचंय, छोटंसंच काम आहे, रात्री दहा मिनिटं सर्व्हर बंद ठेवला तर होईल ना?” नाही होणार. आणि दुसरीकडे कुणीतरी १४.५ वर अडकून बसलेलं असतं कारण १४.१८ म्हणजे मधे तेरा रिलीज, एवढी मोठी उडी कोण मारणार. प्रत्यक्षात ते दुसरं काम पाच मिनिटांचं आहे आणि पहिलं पूर्ण मायग्रेशन, म्हणजे सगळा डेटा नव्या व्हर्जनवर हलवणं, आहे. दोघांनीही आकड्यांमधलं अंतर मोजलं, कुठल्या जागेवरचा आकडा बदलतोय ते बघितलंच नाही.

अपग्रेड फसण्याची सुरुवात बऱ्याचदा इथूनच होते, म्हणून खाली सगळं क्रमाने देतोय. क्रम बदलू नका, विशेषतः पहिले दोन टप्पे गाळू नका. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

## टप्पा १: आत्ता खरंच कुठलं व्हर्जन चालू आहे ते शोधा

हे सोपं वाटतं म्हणून लोक टर्मिनलवर क्लायंटला (सर्व्हरशी बोलणाऱ्या प्रोग्रामला) ‘--व्हर्जन’ विचारतात आणि येईल तो आकडा लिहून घेतात. तो आकडा क्लायंटचा असतो. सर्व्हर दुसऱ्याच मशीनवर असतो आणि त्याचं व्हर्जन पूर्ण वेगळं असू शकतं.

मायएसक्यूएलमध्ये तर याहून मजेशीर प्रकार आहे. जुना क्लायंट सांगतो ‘व्हर १४.१४ डिस्ट्रिब ५.७.४४’, मारियाडीबीचा (मायएसक्यूएलच्याच मुळातून निघालेल्या डेटाबेसचा) सांगतो ‘व्हर १५.१ डिस्ट्रिब १०.११.६’. हे १४.१४ आणि १५.१ त्या छोट्या क्लायंट प्रोग्रामचे स्वतःचे नंबर आहेत, डेटाबेसचा नंबर ‘डिस्ट्रिब’ च्या पुढे असतो. “आमच्याकडे मायएसक्यूएल १४ आहे” असं लिहिलेली तिकिटं याच ओळीतून जन्माला येतात.

म्हणून सर्व्हरला जोडून, क्वेरी मारूनच विचारायचं:

- पोस्टग्रेस: ‘शो सर्व्हर_व्हर्जन’, आणि स्क्रिप्टसाठी ‘शो सर्व्हर_व्हर्जन_नम’.
- मायएसक्यूएल आणि मारियाडीबी: ‘सिलेक्ट व्हर्जन()’, सोबत ‘@@व्हर्जन_कॉमेंट’ पण बघा म्हणजे बिल्ड नेमका कुणाचा आहे ते कळतं.
- एसक्यूएल सर्व्हर: ‘सर्व्हरप्रॉपर्टी’ मधून ‘प्रॉडक्टव्हर्जन’ आणि ‘प्रॉडक्टअपडेटलेव्हल’. ‘@@व्हर्जन’ पण चालतं पण त्या लांबलचक ओळीत शेवटी ऑपरेटिंग सिस्टिमचा पण नंबर असतो, घाईत लोक तोच उचलतात.
- ओरॅकल: ‘व्ही$इन्स्टन्स’ मधला ‘व्हर्जन_फुल’ कॉलम. नुसता ‘व्हर्जन’ कॉलम बघितला तर १९सी वर कितीही पॅच मारले तरी १९.०.०.०.० च दिसत राहतं आणि वाटतं पॅच लागलाच नाही.
- एसक्यूलाइट: ‘सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन()’, पण तुमच्या ॲपच्या आतून चालवा. एसक्यूलाइट ही लायब्ररी आहे, वेगळा सर्व्हर नसतो, त्यामुळे कमांड लाइनवरची प्रत आणि पायथनने आत घेतलेली प्रत वेगवेगळी असू शकते. पायथनच्या मॉड्यूलमधलं जुनं ‘व्हर्जन’ हे व्हेरिएबल मॉड्यूलचं स्वतःचं होतं, लायब्ररीचा आकडा ‘एसक्यूलाइट_व्हर्जन’ मध्ये असतो.

तपासा: पॅकेज मॅनेजर जो नंबर दाखवतो तो आणि क्वेरीतून येणारा नंबर जुळतोय का? जुळत नसेल तर पॅकेज नवीन आलंय पण प्रोसेस रीस्टार्टच झालेली नाही, म्हणजे डिस्कवर नवा बायनरी आणि मेमरीत जुनाच चालू. सिक्युरिटी पॅच लावला असं समजून महिनोन्‌महिने तसेच फिरणारे सर्व्हर कमी नाहीत.

रेप्लिका (त्याच डेटाची प्रत ठेवणारे जोडसर्व्हर) असतील तर प्रत्येकावर वेगळं विचारा. एकाचा आकडा बघून बाकीचे तेच असतील असं धरू नका.

## टप्पा २: नंबर फोडा, आणि “फाइलवाला आकडा” कुठला ते ठरवा

लायब्ररी वापरणाऱ्यांना एक सवय असते, तीन आकडे म्हणजे मेजर, मायनर, पॅच, पहिला बदलला तर काहीतरी मोडणार, दुसरा बदलला तर नवं फीचर, तिसरा बदलला तर बगफिक्स. डेटाबेसला हे आहे तसं लावू नका. इथे महत्त्वाचा प्रश्न असा की कुठला आकडा बदलला की डिस्कवरच्या डेटा फाइल जुन्या सर्व्हरला वाचता येत नाहीत. तोच “फाइलवाला आकडा”. प्रत्येक डेटाबेसात ती जागा वेगळी आहे, आणि काही डेटाबेसात तर मधेच ती जागा सरकली आहे.

### पोस्टग्रेस

१० च्या आधी पहिले दोन आकडे मिळून मेजर होते. म्हणजे ९.५ आणि ९.६ ही दोन वेगळी मेजर व्हर्जन, आणि ९.६.३ मधला शेवटचा ३ तेवढा मायनर. २०१७ मध्ये १० आलं आणि तेव्हापासून पहिला आकडा मेजर, दुसरा मायनर, तिसरा आकडा नाहीच. म्हणजे ९.५ → ९.६ मायग्रेशन, आणि १६.१ → १६.४ म्हणजे बायनरी बदला आणि रीस्टार्ट करा. दोन्हीकडे बिंदूनंतरचाच आकडा बदललाय, काम मात्र पूर्ण वेगळं.

‘सर्व्हर_व्हर्जन_नम’ मध्ये ९.६.३ चं ९०६०३ होतं आणि १०.१ चं १००००१ होतं. जुन्या स्क्रिप्टा दोन-दोन अंक तोडून वाचतात, त्यांना १००००१ म्हणजे १०.०.१ वाटतं. असं व्हर्जन कधी नव्हतंच.

डेटा डिरेक्टरीत (डेटा फाइल ठेवलेल्या फोल्डरात) ‘पीजी_व्हर्जन’ नावाची छोटी फाइल असते, त्यात फक्त मेजर लिहिलेलं असतं, ९.६ किंवा १६ असं. शंका आली की ती उघडून बघा, सर्व्हर बंद असला तरी कळतं. (बघा हं, फक्त बघा. तो आकडा हाताने बदलून जुना डेटा नव्या सर्व्हरवर चालेल असं वाटणारे लोक आहेत.)

### मायएसक्यूएल

५.५, ५.६, ५.७ आणि मग एकदम ८.०. मधलं ६ आणि ७ शोधत बसू नका. ५.७ पर्यंत पहिले दोन आकडे म्हणजे सिरीज आणि तिसरा बगफिक्स असा साधा हिशोब होता. ८.० ने तो बिघडवला, तिसऱ्याच आकड्यात नवी फीचर येत गेली. चेक कन्स्ट्रेंट खऱ्या अर्थाने लागू व्हायला लागला ८.०.१६ पासून, त्याच्या आधी सर्व्हर तो वाचायचा आणि सोडून द्यायचा. इंटरसेक्ट आणि एक्सेप्ट आले ८.०.३१ ला. त्यामुळे “दोन्हीकडे ८.० आहे” एवढ्यावर टेस्ट आणि प्रॉडक्शन सारखं आहे असं म्हणता येत नाही, तिसरा आकडा सांगितल्याशिवाय ते वाक्य अर्धवट आहे.

त्याहून वाईट म्हणजे ८.० मध्ये परतीची वाटच नाही. ८.०.३६ वरून ८.०.३५ वर त्याच डेटा डिरेक्टरीसकट मागे जाणं सपोर्टेड नाही, शेवटचा आकडा एकने कमी करायचा असला तरीही. दिसायला पॅच, वागायला एकतर्फी.

२०२३ च्या जुलैत ८.१ आलं तेव्हापासून दोन रांगा झाल्या. एक इनोव्हेशन, ज्यात ८.१, ८.२, ८.३, ९.० वगैरे येतात आणि पुढचं आलं की आधीच्याचा सपोर्ट संपतो. दुसरी एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी), ज्यात ८.४ आहे, एप्रिल २०२४ पासून. ९ हा ८ पेक्षा मोठा म्हणून चांगला असा विचार करून प्रॉडक्शनवर ९.० टाकलं तर दर तीन महिन्यांनी पुढे पळत राहावं लागेल. शांत झोप हवी असेल तर ८.४.

### मारियाडीबी

इथे पहिले दोन आकडे म्हणजे मेजर: १०.६, १०.११, ११.४, ११.८, हे सगळे एलटीएस. तिसरा आकडा बगफिक्स.

दोन ठिकाणी पाय घसरतो. १०.१० हे १०.९ च्या नंतरचं आहे आणि १०.१ च्या पुष्कळ नंतरचं, दशांश अपूर्णांक समजून वाचलं की संपलं. आणि दुसरं, मारियाडीबी १०.११ हे मायएसक्यूएल ८ च्या “पुढचं” वगैरे नाही. एका मुळातून निघाले पण आता आकड्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, आणि मायएसक्यूएल ८.० ची डेटा डिरेक्टरी उचलून मारियाडीबीखाली ठेवता येत नाही, डंप (सगळा डेटा बाहेर लिहून काढलेली फाइल) काढूनच न्यावं लागतं.

काही टूलमध्ये ‘५.५.५-१०.६.१२-मारियाडीबी’ असं दिसतं. तो सुरुवातीचा ५.५.५ खोटा आहे, जुन्या रेप्लिकेशन कोडला दोन अंकी व्हर्जन समजत नव्हतं म्हणून चिकटवलेला. ११ पासून तो काढून टाकला. जुन्यात दिसला तर सोडून द्या आणि त्याच्या नंतरचं वाचा.

### एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल

एसक्यूएल सर्व्हरला दोन नावं: दुकानातलं वर्ष आणि आतला नंबर. २०१६ म्हणजे १३, २०१७ म्हणजे १४, २०१९ म्हणजे १५, २०२२ म्हणजे १६. त्यामुळे १५.० बघून “आपलं २०१५ आहे” म्हणू नका, २०१५ नावाचं काही आलंच नाही. २०१७ पासून सर्व्हिस पॅक बंद झाले, आता फक्त क्युम्युलेटिव्ह अपडेट येतात, म्हणून “लेटेस्ट एसपी टाका” अशी सूचना कुठे वाचलीत तर ती जुनी आहे.

शिवाय प्रत्येक डेटाबेसला स्वतःची कंपॅटिबिलिटी लेव्हल असते, २०१९ ची १५०, २०२२ ची १६०. ही लेव्हल कमी केली की बॅकअप जुन्या सर्व्हरवर रिस्टोअर होईल हा गैरसमज फार पसरलाय. होत नाही. लेव्हल क्वेरीच्या वागण्यापुरती असते, फाइलचा फॉरमॅट सर्व्हरच्या व्हर्जनचाच राहतो.

ओरॅकल १२.२ वरून एकदम १८ ला गेलं कारण तेव्हापासून नंबर वर्षावरून दिला. म्हणजे आकडा सहाने वाढला तरी १२.२ ते १८सी हा बदल तेवढा राक्षसी नव्हता. आता १९.२२ मधला २२ म्हणजे तिमाही रिलीज अपडेट, जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. आणि ‘कंपॅटिबल’ हा पॅरामीटर एकदा वर नेऊन डेटाबेस उघडला की खाली आणता येत नाही, तो अपग्रेडच्या रात्री बदलू नका, काही आठवडे सगळं नीट चालू दे मग बदला.

### मोंगोडीबी

जुना नियम सम-विषमचा होता: ३.६, ४.०, ४.२, ४.४ स्टेबल, ३.५ किंवा ४.३ डेव्हलपमेंटसाठी. २०२१ ला ५.० आल्यापासून तो नियम गेला, ५.०, ६.०, ७.०, ८.० ही मुख्य रिलीज. इथे बायनरीच्या व्हर्जनशिवाय ‘फीचर कंपॅटिबिलिटी व्हर्जन’ नावाचा अजून एक आकडा डेटाच्या आत असतो. बायनरी ६.० ची आणि हा आकडा अजून ५.० वरच, असं सर्रास सापडतं कारण मागच्या वेळी कुणीतरी शेवटची पायरी विसरलं. मग ७.० ची बायनरी सुरूच होत नाही.

### एसक्यूलाइट

इथे टेन्शन कमी. २००४ पासून ३ च आहे आणि जुन्या फाइल नवी लायब्ररी वाचते. बघायचं ते एवढंच की हवं ते फीचर तुमच्या लायब्ररीत आहे का, उदाहरणार्थ ड्रॉप कॉलम ३.३५ पासून आलं, राइट जॉइन ३.३९ पासून.

थांबा: पुढे जायच्या आधी कागदावर तीन गोष्टी लिहा: आत्ताचं पूर्ण व्हर्जन, जायचं ते पूर्ण व्हर्जन, आणि मधे फाइलवाला आकडा बदलतोय का, हो की नाही. तिसऱ्याचं उत्तर “बहुतेक नाही” असं येत असेल तर अजून टप्पा २ संपलेला नाही.

## टप्पा ३: नंबरच्या मागची शेपटं आणि डॉकरचे टॅग

डेबियनवर ‘१:१०.११.६-०+डेब१२यू१’ असलं काहीतरी दिसतं. कोलनच्या आधीचा १ हा पॅकेजिंगचा स्वतःचा हिशोब, मधलं १०.११.६ हा मूळ सॉफ्टवेअरचा नंबर, आणि डॅशनंतरचं सगळं डिस्ट्रोचं (डेबियन, उबुंटूसारख्या लिनक्स वितरणाचं). त्याचप्रमाणे ‘१४.११-०उबुंटू०.२२.०४.१’ मधलं २२.०४ हा उबुंटूचा नंबर आहे, पोस्टग्रेसचा नाही. लक्षात ठेवा की काही डिस्ट्रो सिक्युरिटी फिक्स जुन्याच नंबरमध्ये मागे आणून घालतात, त्यामुळे मूळ नंबर जुना दिसला तरी पॅच असू शकतो आणि सिक्युरिटी स्कॅनर उगीच ओरडतो. अशा वेळी पॅकेजचा चेंजलॉग वाचायचा.

‘बीटा’, ‘आरसी’ असलेलं (चाचणीसाठी आधी दिलेलं) काही प्रॉडक्शनवर नको, यावर चर्चा पण नको.

क्लाउडवर तिसराच प्रकार. ॲमेझॉनच्या ऑरोरामध्ये ‘८.०.मायएसक्यूएल_ऑरोरा.३.०४.०’ असं दिसेल, म्हणजे ऑरोराचं ३.०४.०, जे मायएसक्यूएल ८.० सारखं वागतं. “८.० आहे ना” म्हणून ८.० ची रिलीज नोट वाचत बसलात तर अर्धं चुकेल, दोन्ही नंबरच्या नोट लागतात.

डॉकरचं (तयार इमेजमधून सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालवायचं टूल) मात्र नीट ऐका. टॅग म्हणजे इमेजला लावलेलं लेबल, व्हर्जन नव्हे, टॅग सरकतो. ‘पोस्टग्रेस:लेटेस्ट’ लिहिलंत की एखाद्या दिवशी पुल केल्यावर नवं मेजर येणार, कंटेनर सुरू होऊन लगेच बंद पडणार, आणि लॉगमध्ये लिहिलेलं असणार की डेटा डिरेक्टरी अमुक व्हर्जनने बनवलेली आहे, ती या व्हर्जनशी जुळत नाही. इथे लोक घाबरून व्हॉल्यूम (डेटा ठेवलेली जागा) उडवतात! अरे थांबा, डेटाला काही झालेलं नाही, पोस्टग्रेसने फक्त उघडायला नकार दिलाय, टॅग जुन्या मेजरवर परत आणला की जसंच्या तसं चालू होतं.

मायएसक्यूएलमध्ये मात्र उलटं आहे. ‘मायएसक्यूएल:८’ हा टॅग आधी ८.० ला जायचा, आता ८.४ ला जातो, आणि नवा सर्व्हर जुनी डेटा डिरेक्टरी दिसली की न विचारता अपग्रेड करून टाकतो. परत ८.० लावलंत तर तो सुरू होणार नाही. म्हणून पोस्टग्रेसला निदान ‘१६.४’ आणि मायएसक्यूएलला पूर्ण तीन आकडे, याहून आखूड टॅग लिहू नका.

## टप्पा ४: तारखा बघा

पोस्टग्रेसचं प्रत्येक मेजर साधारण ५ वर्षं चालतं, मायनर दर तिमाहीला फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरमध्ये येतात. १२ संपलं नोव्हेंबर २०२४ ला, १३ नोव्हेंबर २०२५ ला. मायएसक्यूएल ५.७ ऑक्टोबर २०२३ ला संपलं, ८.० ची तारीख एप्रिल २०२६. एसक्यूएल सर्व्हर २०१४ जुलै २०२४ ला संपला.

तारीख संपली म्हणून सर्व्हर बंद पडत नाही, पॅच येणं बंद होतं. क्लाउडवाले मात्र काही काळाने स्वतःच पुढच्या मेजरवर ढकलतात, आणि ती वेळ तुमच्या सोयीची नसते.

## टप्पा ५: कुठे जायचं आणि कुठल्या रस्त्याने

पोस्टग्रेसमध्ये मधली मेजर गाळून सरळ उडी मारता येते, १२ वरून १६ ला थेट. पण वाचायच्या नोट चारही, १३, १४, १५, १६, प्रत्येकातला मायग्रेशनचा भाग. मायएसक्यूएलमध्ये ५.७ वरून सरळ ८.४ ला जाता येत नाही, ८.० वर उतरावंच लागतं. मोंगोडीबीत प्रत्येक मेजरवर थांबायचं, आणि प्रत्येक थांब्यावर फीचर कंपॅटिबिलिटी व्हर्जन वर न्यायचं.

नवीन मेजरचं ‘.०’ घ्यायचं का? माझं मत, घाई नसेल तर दोन-तीन मायनर जाऊ द्या. याला कारणं आहेत. पोस्टग्रेस १४.० ते १४.३ मध्ये ‘कॉन्करंटली’ (टेबल वापरात असतानाच) बनवलेले इंडेक्स बिघडू शकत होते, ते २०२२ च्या जूनमध्ये १४.४ ला दुरुस्त झालं. मायएसक्यूएल ८.०.२९ तर गंभीर बगमुळे डाउनलोडवरूनच काढून घेतलं आणि ८.०.३० दिलं. म्हणजे तिसरा आकडा पण डोळे झाकून निवडायचा नाही, ज्या रिलीजवर जाताय तिच्या पुढची रिलीज का आली हे बघून घ्यायचं. दोन रिलीजमधे एकच आठवडा असेल तर नक्कीच काहीतरी शिजलेलं असतं: १७.१ नंतर आठवड्याभरात १७.२ आलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये, कारण १७.१ मधल्या एका बदलामुळे आधी कंपाइल केलेली काही एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायची जादा मॉड्यूल) अडचणीत येत होती.

## टप्पा ६: तयारी

इथे वेळ घालवा, बाकीचं आपोआप सोपं होतं.

बॅकअप, आणि तो रिस्टोअर करून बघितलेला. पोस्टग्रेसचा डंप काढताना नव्या व्हर्जनचं ‘पीजी_डंप’ वापरा, ते जुन्या सर्व्हरशी बोलतं. जुनं पीजी_डंप नव्या मेजरच्या सर्व्हरला सरळ नकार देतं. आणि पीजी_डंपमध्ये युजर आणि रोल येत नाहीत, ते ‘पीजी_डंपऑल’ ने ‘ग्लोबल्स-ओन्ली’ देऊन वेगळे घ्यायचे. हे विसरलात तर डेटा सगळा परत येतो आणि लॉगिन कुणालाच करता येत नाही.

एक्स्टेन्शन. पोस्टजीआयएससारख्यांना स्वतःचा व्हर्जन नंबर असतो. नव्या मेजरसाठी त्यांचं पॅकेज उपलब्ध आहे का ते आधी बघा, नसेल तर तुमची तारीख ते ठरवतील, तुम्ही नाही.

ड्रायव्हर आणि लॉगिनची पद्धत. मायएसक्यूएल ८.४ मध्ये ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड’ मुळात बंद असतं आणि ९.० मधून ते काढूनच टाकलंय. जुने युजर त्यावर असतील तर अपग्रेड यशस्वी आणि ॲप बंद. पोस्टग्रेस १४ पासून नवे पासवर्ड स्क्रॅम नावाच्या नव्या पद्धतीने साठवले जातात, फार जुन्या ड्रायव्हरला ते कळत नाही.

वागणुकीतले बदल. पोस्टग्रेस १५ पासून नव्या डेटाबेसात पब्लिक स्कीमात कुणीही टेबल बनवू शकत नाही. मायएसक्यूएल ८.० मध्ये ‘रँक’ आणि ‘ग्रुप्स’ हे राखीव शब्द झाले, त्या नावाचा कॉलम असेल तर क्वेरी फुटते, आणि ग्रुप बाय केल्यावर आपोआप मिळणारा क्रम मिळेनासा झाला. असल्या गोष्टी टेस्ट सर्व्हरवर खऱ्या डेटाच्या प्रतीवर ॲप चालवल्याशिवाय सापडत नाहीत. मायएसक्यूएल शेलमध्ये ‘चेकफॉरसर्व्हरअपग्रेड’ आहे, ते आधी चालवा, बरंच पकडून देतं.

तपासा: परत फिरायचा निर्णय कुठल्या क्षणापर्यंत घेता येईल, तो क्षण कुठला, हे लिहिलंय का?

## टप्पा ७: मायनर अपडेट

फाइलवाला आकडा बदलत नसेल तर क्रम असा:

१. मधल्या सगळ्या मायनरच्या नोट चाळा. क्वचित “अपडेटनंतर इंडेक्स पुन्हा बांधा” असं लिहिलेलं असतं, वरचं १४.४ त्यातलंच.
२. पोस्टग्रेसमध्ये आधी स्टँडबाय (पोस्टग्रेसची रेप्लिका), मग प्रायमरी (मुख्य सर्व्हर). मायएसक्यूएलमध्ये आधी रेप्लिका.
३. पॅकेज बदला, रीस्टार्ट करा.
४. टप्पा १ ची क्वेरी पुन्हा मारा.

थांबा: डेटाबेसचं मायनर आणि ऑपरेटिंग सिस्टिमचं मेजर एकाच रात्री करू नका. २०१८ च्या जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.२८ मध्ये अक्षरांचा क्रम लावायचे नियम बदलले, तेव्हा पोस्टग्रेसचा नंबर तोच राहूनसुद्धा मजकुरावरचे इंडेक्स चुकीचे ठरले आणि पुन्हा बांधावे लागले. दोन्ही एकदम बदललं की दोष कुणाचा हे शोधण्यात आठवडा जातो.

## टप्पा ८: मेजर अपग्रेड

पोस्टग्रेसचा क्रम सविस्तर देतो कारण तिथे सगळ्यात जास्त पायऱ्या हाताने करायच्या असतात.

१. नवी बायनरी जुनीच्या शेजारी बसवा, जुनी काढू नका.
२. नवं क्लस्टर (एका सर्व्हरखालचे सगळे डेटाबेस) ‘इनिटडीबी’ ने बनवा, एन्कोडिंग आणि लोकॅल जुन्याचंच. १८ पासून चेकसम (डेटा बिघडलाय का ते ओळखायची खूण) मुळातच चालू असतात, जुन्यात बंद असतील तर दोन्हीकडे सारखं केल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.
३. एक्स्टेन्शनची पॅकेज नव्या मेजरसाठी बसवा.
४. ‘पीजी_अपग्रेड --चेक’ चालवा. जुना सर्व्हर चालू असताना पण चालतं, म्हणून हे आठवडाभर आधी करा, त्या रात्री नाही.
५. ॲप बंद, दोन्ही सर्व्हर बंद, शेवटचा बॅकअप, मग खरा पीजी_अपग्रेड.
६. ‘पोस्टग्रेसक्यूएल.कॉन्फ’ आणि ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ मधले तुमचे बदल नव्यात आणा. हे आपोआप येत नाहीत.
७. नवा सर्व्हर सुरू करून ‘व्हॅक्यूमडीबी’ ने ॲनालाइझ करा. “नव्या व्हर्जनवर सगळं हळू झालं” या तक्रारीमागे बहुतेक वेळा ही गाळलेली पायरी असते, प्लॅनरकडे (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाकडे) आकडेवारीच नसते. १८ पासून बरीचशी आकडेवारी सोबत येते, सगळी नाही.
८. ‘ऑल्टर एक्स्टेन्शन अपडेट’ करा.

थांबा: ‘--लिंक’ वापरलं तर काम मिनिटांत होतं कारण फाइल कॉपी होत नाहीत, दोन्ही क्लस्टर त्याच फाइल वापरतात. पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना पुन्हा सुरक्षितपणे सुरू करता येत नाही. परतीचा क्षण म्हणजे नेमका हाच.

डेबियन-उबुंटूवर अजून एक घोटाळा होतो. नवं मेजर बसवलं की बाजूला एक नवं रिकामं क्लस्टर तयार होतं, सहसा ५४३३ पोर्टवर, आणि जुनं ५४३२ वर चालूच असतं. पॅकेज लिस्टमध्ये नवा नंबर दिसतो, लोक “झालं अपग्रेड” म्हणून घरी जातात, ॲप अजून जुन्यावरच बोलत असतं. ‘पीजी_एलएसक्लस्टर्स’ मारा, दोन्ही दिसतील.

मायएसक्यूएलमध्ये ८.०.१६ पासून सर्व्हर सुरू होतानाच सगळं अपग्रेड करतो, वेगळी कमांड लागत नाही. पायऱ्या कमी, पण मागे जायचं तर बॅकअपच. मारियाडीबीत सुरू झाल्यावर ‘मारियाडीबी-अपग्रेड’ हाताने चालवायचं असतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेटाबेस नव्यावर आणला तरी कंपॅटिबिलिटी लेव्हल जुनीच राहते, ती नंतर सावकाश वाढवा. मोंगोडीबीत आधी सेकंडरी, मग प्रायमरी, आणि सगळं स्थिर झाल्यावर फीचर कंपॅटिबिलिटी व्हर्जन, हेच ते विसरलं जाणारं काम.

## टप्पा ९: जिथे जिथे नंबर लिहिलेला आहे तिथे बदला

सर्व्हर नवा झाला, पण रात्रीचा बॅकअप जॉब अजून जुनं पीजी_डंप वापरतोय, तो पहाटे फेल होतो आणि मेल कुणी वाचत नाही. सीआयमधली (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतली) इमेज जुनीच असते. म्हणून जुना नंबर घेऊन सगळ्या रेपॉझिटरीत शोधा.

शोधताना तुलना करणारा कोड सापडला तर तो नीट वाचा. स्ट्रिंग म्हणून तुलना केली की ‘१०.२’ हे ‘९.६’ पेक्षा लहान ठरतं, आणि ‘८.०.९’ हे ‘८.०.११’ पेक्षा मोठं. बिंदूवर तोडून एकेक भाग पूर्णांक म्हणून तपासा. पोस्टग्रेसमध्ये ‘सर्व्हर_व्हर्जन_नम’ आणि एसक्यूलाइटमध्ये लायब्ररीचा व्हर्जन नंबर सरळ पूर्णांकच मिळतो, ३.४५.१ चा ३०४५००१, तो वापरा.

आणि यॅमल (कॉन्फिगरेशनच्या) फाइलमध्ये व्हर्जन कायम अवतरण चिन्हांत लिहा. उघडं १०.१० लिहिलंत तर ते दशांश संख्या म्हणून वाचलं जातं आणि १०.१ होतं, आणि मारियाडीबीचं १०.१ खरंच अस्तित्वात असल्यामुळे एररसुद्धा न येता तेच जुनं व्हर्जन मुकाट्याने खाली उतरू शकतं.